घोडी गाडीत चढंना? आधी काठी ठेवा बाजूला

दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे निघतात आणि गावोगाव तोच तमाशा. पुढून दोघं दोर ओढतात, मागून एक जण काठी हाणतो. गेल्या वर्षी मीही तेच केलं. घोडी पत्र्यावर घसरली, नडगी सोलली. नंतर नुसती पिकअप दिसली तरी थरथरायची. चूक माझी होती, तिची नाही.

जरा तिच्या बाजूनं बघा. उन्हातून ताडपत्रीच्या अंधारात शिरताना घोड्याची नजर बसायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यात खालचा पत्रा वाजतो, पाय सरकतो. ती हट्ट करत नाही, भिते.

यंदा आठ दिवस आधीच पिकअप मागून बांधाला लावली, चाकांना दगड दिले. फाळका बांधावर टेकला, चढच उरला नाही. ताडपत्री काढली. पत्र्यावर माती अन् वर भुसा टाकला. संध्याकाळचं खाणं गाडीतच ठेवलं. दोर हाताला गुंडाळायचा नाही. तिनं एक पाऊल टाकलं की लगेच ढिला सोडायचा. मागं सरली तर सरू द्यायचं. पाचव्या दिवशी आपणहून चढली. तरी गाडी हलवली नाही, खाऊ दिलं अन् उतरवली.

कुणी म्हणंल, एवढा वेळ कुणाला आहे? अहो, काठीनं आज दहा मिनिटं वाचतात, पुढं मात्र दर खेपेला तासभर जातो. आणि पाय मोडला तर जनावरच गेलं. बैलालाही हेच लागू. पटतंय का, सांगा.