संगणक शिक्षकाला संचमान्यतेत जागा हवी

भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हमीभावाने धान विकायचे असेल, तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. 2021 पासून पिकाची नोंदही ई-पीक पाहणीच्या ॲपवर स्वतःच करायची आहे. सातबारा, पीकविमा, मुलांची शिष्यवृत्ती, सगळेच आता पडद्यावर आले आहे आणि घरात ते जमणारे कोणी नसेल तर सेवा केंद्र गाठून पैसे मोजावे लागतात. ज्या जिल्ह्याचा धानाचा व्यवहारच संगणकावर चालतो, त्याच्या जिल्हा परिषद शाळांत मात्र हा विषय शिकवायला स्वतंत्र शिक्षकाचे नियमित पद नाही. शिक्षण हक्क कायद्याने शंभरावर पट असलेल्या सहावी ते आठवीच्या शाळांना कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक दिले. संगणकाचे नाव त्या यादीत नाही. माझी मागणी सरळ आहे. यंत्रांची पुढची खरेदी करण्याआधी संचमान्यतेत, म्हणजे शाळांच्या मंजूर पदांच्या यादीत, संगणक शिक्षकाचे पद निर्माण करावे आणि त्याची सुरुवात भंडाऱ्यासारख्या सात तालुक्यांच्या लहान जिल्ह्यापासून करावी.

आजवर आपण नेमके उलटे केले. 1984 साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. पुढे 2004 मध्ये शाळांना संगणक पुरवणारी केंद्राची आयसीटी योजना आली आणि महाराष्ट्रात ती टप्प्याटप्प्याने हजारो माध्यमिक शाळांत पोचली. संगणक कंपनीचे, निदेशक कंत्राटी आणि करार ठरावीक वर्षांचा. करार संपला की निदेशकाची नोकरी गेली आणि शिकवणेही थांबले. यंत्र पुरवले की शिक्षण आपोआप घडेल, हा समज पेरूमध्येही महागात पडला. तिथे मुलांना लाखो लॅपटॉप वाटल्यावर 2012 च्या अभ्यासात गणित आणि भाषेतल्या गुणांवर परिणाम आढळला नाही. याउलट वडोदऱ्याचे उदाहरण फार बोलके आहे. गुजरात सरकारने 2000 साली तिथल्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले, पण मुलांचे हात त्यांना क्वचितच लागत. मग प्रथम संस्थेने स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन निदेशक म्हणून नेमले आणि चौथीची मुले आठवड्यातून दोन तास त्याच संगणकांवर गणिताचे खेळ खेळू लागली. गणितात ठळक सुधारणा दिसली. कार्यक्रम थांबल्यावर त्यातली बरीच ओसरलीही, आणि म्हणूनच शिकवणारा हा माणूस कायम असायला हवा.

मुलांना अजून भागाकार येत नाही, मग संगणक कशाला, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण वडोदऱ्यात गणितच सुधारले, हे विसरून चालणार नाही. मुले मोबाइलवर आपसूक शिकतात, हे म्हणणेही तपासून पाहावे. शालेय शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात 76 टक्क्यांनी समाजमाध्यमे वापरली, तर शिकण्यासाठी फोन हाती घेतला 57 टक्क्यांनी. बोट सफाईने फिरणे वेगळे आणि माहिती रचून तिच्यातून प्रश्न सोडवणे वेगळे. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची पातळी दर आठवड्याला मोजायची, तक्त्यात भरायची, आलेख काढायचा आणि रोवणीच्या दिवसांतल्या पावसाशी ताडून पाहायची: सातवीच्या वर्गाला यात गणित, भूगोल आणि संगणक एकत्र भेटतील. हे घडवून आणायला विषय जाणणारा माणूस लागतो. कृत्रिम बुद्धिमत्ता सगळे करून देईल, असे मानणाऱ्यांनाही त्या उत्तरातली चूक पकडणारा विद्यार्थी लागेलच.

उत्साही शिक्षकांनी वाट दाखवली आहे, हे खरे. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि ती कल्पना राज्यभर पोचली. पण अनेक शाळांत ‘तंत्रस्नेही’ शिक्षकाचा वेळ सरल, यू-डायस ही सरकारी पोर्टले आणि हजेरीचे ॲप यांत माहिती भरण्यातच जातो. नुसत्या अभ्यासक्रमानेही भागत नाही. इंग्लंडने 2014 मध्ये संगणनाचा नवा अभ्यासक्रम आणला; तोही शिक्षकांअभावी अडखळला, आणि सरकारला शिक्षक प्रशिक्षणासाठी 8 कोटी 40 लाख पौंडांची तरतूद करावी लागली.

पैशाची अडचण मी नाकारत नाही. म्हणून प्रत्येक शाळेला नव्हे, आसपासच्या शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक संगणक शिक्षक द्यावा. त्याने आठवड्याचे वार ठरवून केंद्रातल्या शाळांत शिकवावे. ऑनलाइन माहिती भरण्याचे काम त्याच्याकडे देता येणार नाही, हे नेमणुकीच्या आदेशातच लिहावे. जिल्हास्तरावर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत (डाएट) शैक्षणिक तंत्रज्ञानाचा एक प्रमुख असावा आणि त्याने स्वतः वर्गात शिकवलेले असावे. जिल्हा परिषद एखादा डिजिटल फळा, टॅब किंवा सॉफ्टवेअर घेणार असेल, तर या प्रमुखाची लेखी शिफारस असल्याशिवाय निविदा निघू नये.