तूर कोणी पेरली?

तुरीच्या हंगामात तुम्ही दुधनीच्या बाजार समितीच्या आवारात कधी गेला आहात का? तेथे पोत्यांच्या थप्प्या लागतात. अक्कलकोट तालुक्यातील हे गाव कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. म्हणून बाजारात मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा कानावर पडतात. पोत्यातली तूर कोणाच्या कष्टाची, हे पोत्याकडे पाहून कळत नाही. सरकारी कागद पाहूनही ते नेहमी कळत नाही. मला तुमच्याशी त्याविषयीच बोलायचे आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या भागात अतिवृष्टी झाली, बोरी नदीला पूर आला. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अक्कलकोट तालुक्यात पाहणीसाठी आले होते. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या महापुराने सोलापूर जिल्ह्यातील कितीतरी गावे पाण्यात गेली. दोन्ही वेळा सरकारने मदत जाहीर केली. २०२५ साली कोरडवाहू पिकांसाठी हेक्टरी ८,५०० रुपये आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी आणखी १०,००० रुपये, तीन हेक्टरांपर्यंत, असे ठरले.

ही मदत कशी मिळते? पिकाचे निदान ३३ टक्के नुकसान झालेले असावे लागते. तलाठी आणि कृषी सहायक शेतावर येऊन पंचनामा करतात. मग यादी तहसीलदाराकडे जाते आणि पैसे बँकेच्या खात्यात येतात. पंचनामा, नुकसान, तहसीलदार, खरीप, रब्बी, मदत हे शब्द तुम्हाला नवे नाहीत. तुमच्या घरच्या भाषेतही ते आहेत. इंग्रजांच्या काळातली 'तगाई' म्हणजे तुमची 'तकावी'च. पण ते कर्ज होते, ते फेडावे लागे.

आता अडचण पाहा. समजा, एका माणसाने दुसऱ्याचे दोन हेक्टर शेत बटईने केले. बियाणे त्याचे, खत त्याचे, घामही त्याचाच. पुरात तूर कुजली. वरच्या हिशेबाने त्या शेताची मदत ३७,००० रुपये होते. पण सात-बारा मालकाच्या नावावर असतो, म्हणून पैसे मालकाच्या खात्यात जमा होतात. मालक भला असेल तर वाटा देतो. नसेल तर बटईदाराने कोणाकडे दाद मागावी? त्याच्याकडे एक ओळसुद्धा लिहिलेली नसते.

जनावरांचा नियम मला अधिक न्याय्य वाटतो. पुरात दुभती गाय किंवा म्हैस मेली तर ३७,५०० रुपये मिळतात, शेळीला ४,००० रुपये. शेळी कोणाच्या दावणीची होती, हे तेथे पाहतात. मग पिकाच्या बाबतीत पेरणाऱ्याचे नाव का विचारू नये?

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. १९४८ च्या कूळ कायद्याने हजारो कुळे जमिनीची मालक झाली. कागदावर दुसऱ्याचे नाव चढले की जमीन हातची जाईल, अशी भीती अजून घराघरांत आहे. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण तिच्यावर उपाय आहे. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा करून मालक आणि शेत कसणारा यांच्यात अकरा महिन्यांचा करार करण्याची सोय केली. त्या कराराने जमिनीवर कोणताही हक्क मिळत नाही. मात्र नुकसानभरपाई आणि पीकविमा कसणाऱ्याला मिळू शकतो.

महाराष्ट्रानेही असे करावे, असे मला वाटते. तोपर्यंत पंचनाम्यात एक रकाना वाढवावा : 'पीक कोणी पेरले?' तो भरणे फार अवघड नाही. कोणाचे शेत कोण करतो, हे गावात लहान मुलालाही ठाऊक असते.