रॅम्पचा चढ मोजा

दहावीच्या निर्देशक भूमितीत ‘रेषेचा चढ’ शिकवतात. दोन बिंदू घ्यायचे, त्यांच्या उंचीतल्या फरकाला आडव्या अंतराने भागायचे, उत्तर तयार. मुले हे गणित सहज सोडवतात आणि त्याचे गुणही मिळवतात. त्याच शाळेच्या दारातल्या सिमेंटच्या रॅम्पचा चढ किती, हे मात्र त्यांना कोणी विचारत नाही. हा प्रश्न विचारायला हवा. चढाचे गणित चुकले की काय होते, ते त्या रॅम्पवर स्पष्ट दिसते.

चढ म्हणजे आडवे अमुक अंतर गेल्यावर किती वर आलो, एवढेच. गवंडी हे दररोज वापरतो. न्हाणीघराची फरशी बसवताना तो ‘फुटाला दोन सूत ढाळ’ धरतो. दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजे 48 ला 1. यात कसूर झाली की पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचते. रेल्वेचा हिशेबही असाच. 1863 साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गावर सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 आहे. म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर गाडी जेमतेम 1 मीटर वर येते, आणि तेवढ्यासाठीसुद्धा कर्जतला जड गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात.

आता व्हीलचेअरकडे येऊ. तिच्यासाठी राष्ट्रीय इमारत संहितेने 12 ला 1 ही मर्यादा घातली आहे. इमारतीचे जोते दीड फूट उंच असेल तर रॅम्प 18 फूट लांब हवा. प्रत्यक्षात काय होते? पायऱ्यांच्या बाजूला पाचेक फूट जागा उरलेली असते, तेवढ्यातच उतार ओतून कंत्राटदार मोकळा होतो. दीड फूट भागिले पाच फूट, म्हणजे 0.3, जमिनीशी जवळजवळ 17 अंशांचा कोन. माणूस आणि खुर्ची मिळून वजन 90 किलो धरले, तर नियमातल्या चढावर ढकलणाऱ्याला साडेसात किलोच्या आसपास जोर लावावा लागतो. या आखूड उतारावर तोच 26 किलोंवर जातो. साठीतली आई तिशीतल्या मुलाला असे वर नेऊ शकत नाही. एकट्याने चाके फिरवत येणाऱ्याची खुर्ची मागे कलंडण्याचा धोका असतो. उतरताना तर खुर्ची आवरणे आणखी कठीण. आणि तरीही तपासणीच्या कागदावर ‘रॅम्प आहे’ या रकान्यात ‘होय’ लिहिले जाते. माझ्या मते तिथे ‘नाही’ लिहिले पाहिजे. ज्यावर चढता येत नाही, तो रॅम्प नव्हे.

कायदा कमी पडतो असे म्हणायची सोय नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक असून भागणार नाही, ते सक्तीचे करा, असे नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला बजावले. उणीव आहे ती मोजण्याची. बिल मंजूर करण्याआधी त्या उताराला कोणी टेप लावत नाही.

मोजायला फार काही लागत नाही. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. तिचे एक टोक रॅम्पवर टेकवा, दुसरे टोक उताराच्या दिशेने हवेत धरा आणि पाणसळ ठेवून ती आडवी करा. अधांतरी टोकाखाली रॅम्पपर्यंत किती सेंटिमीटर अंतर पडते ते पाहा. 8.3 किंवा त्याहून कमी आले तर चढ नियमात बसतो. 20–25 आले तर तो रॅम्प फोडून नव्याने करायला हवा. हीच मोजणी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी करावी. आकडा एकच आला तर रॅम्प सरळ आहे. वेगवेगळा आला तर मध्ये कुठेतरी फुगवटा किंवा खळगा आहे. रेषेवरचे कोणतेही दोन बिंदू घेतले तरी चढ तोच येतो, हे पुस्तकातले विधान मुलांना इथे हाताने पडताळता येते. फळ्यावरच्या पाच उदाहरणांपेक्षा हा एक तास अधिक शिकवील.

गणिताच्या शिक्षकांनी हा धडा शिकवताना वर्ग एकदा बाहेर काढावा. शाळा, ग्रामपंचायत, पोस्ट, बँक, दवाखाना यांचे रॅम्प मुलांकडून मोजून घ्यावेत, आकडे तारखेसह वहीत उतरवावेत आणि मुख्याध्यापकांच्या सहीने ते त्या त्या कार्यालयाला लेखी कळवावेत.