उन्हातील श्रम आणि सावलीची मजुरी

आखातातील तेलक्षेत्रांत राबणाऱ्या माणसांविषयी आपल्या गोव्यात बोलणे निघाले, की ते बहुधा पगारापाशी येऊन थांबते. तेथील उन्हाची गोष्ट कोणी काढीत नाही. कुवेतमधील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी तपमान ५३.९ अंशांवर गेले होते. तशा उन्हात लोखंडी नळ जोडणाऱ्याने काय सोसले असेल, याची कल्पना वाळपईच्या झाडीत बसून येणे कठीण.

तथापि केवळ तपमानाच्या आकड्यावरून उन्हाची पारख करणे ही चूक होय, असे आमचे मत आहे. शरीर निवते ते घाम सुटल्याने नव्हे, तर तो वाळल्याने. हवा दमट असली की घाम निथळतो पण वाळत नाही, आणि उष्णता आतच कोंडते. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, की तो उष्माघात समजावा. मग त्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतण्यात व डॉक्टर गाठण्यात क्षणाचाही विलंब नको. कतारने २०२१ साली दुपारच्या बंदीखेरीज उष्मा, आर्द्रता, ऊन व वारा यांचे एकत्रित माप ३२.१ अंशांपुढे गेल्यास काम थांबविण्याचा नियम केला. नुसत्या घड्याळापेक्षा हे शहाणपणाचे. आपल्या दमट कोकणपट्टीस तर असेच माप हवे.

मार्च २०२३ मध्ये उष्म्यामुळे गोव्यातील शाळा दोन दिवस दुपारी बाराच्या आत सोडण्याचा आदेश निघाला. योग्यच झाले. पण तो शाळांपुरता होता. रस्त्यावर खडी पसरणारा व चिरेखाणीत राबणारा त्यात नव्हता.

आमचे वाडवडील उन्हातच राबले, त्यांना काय झाले, असे विचारणारे भेटतात. त्या वाडवडिलांची सकाळची पेज ते विसरतात. उकड्या तांदळाची पेज, मीठ नि तोरांचे लोणचे. पाणी व क्षार दोन्ही त्यात आले! आणि स्वतःच्या कुळागरात झाडाखाली पाठ टेकण्यास परवानगी लागत नसे. आज मापावर मजुरी घेणाऱ्याची सावलीतली अर्धी घटका त्याच्याच खिशातून जाते. ‘दुपारी बाहेर पडू नका’ ही सूचना त्याला काय उपयोगाची?

शिवाय शरीरास उन्हाची सवय होण्यास आठ-पंधरा दिवस लागतात, आणि धोका पहिल्या काही दिवसांतच अधिक. परप्रांतातून आलेल्या मजुरास उतरल्या दिवशीच पुरे काम सांगणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते. पहिला आठवडा काम हलके असावे आणि विश्रांतीची मजुरी कामावर लावणाऱ्याने द्यावी. ठेकेदारास हे महाग वाटेल, वाटू दे.

येत्या चैत्रात आपल्या शाळेच्या कुंपणाचे काम निघणार आहे, असे ऐकतो. त्या मजुरांना दुपारी १२ ते ४ सुट्टी असावी आणि तिचे पैसे कापू नयेत, अशी आमची व्यवस्थापनास विनंती आहे.