पडद्यावरील गाय

शेतीच्या खेळांतून मुलांस पशुपालन कळतें व मुक्या प्राण्यांविषयीं त्यांच्या ठायीं दयाबुद्धि उपजते, असें हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतून मोठ्या कौतुकानें सांगण्यांत येतें. हें मत आम्हांस मान्य नाहीं.

२००९ सालीं निघालेला ‘फार्मव्हिल’ २०२० च्या अखेरीस बंद पडला. परंतु एरिक बॅरोन या एकट्या गृहस्थानें रचलेला व २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला ‘स्टारड्यू व्हॅली’ घरोघरीं आवडीनें खेळतात. त्याचा गुण आम्ही प्रथमच कबूल करतों. तेथें गाईस रोज वैरण लागते, तिच्या अंगावरून रोज हात फिरवावा लागतो. उपाशी ठेवल्यास ती दूध देत नाहीं. येथवर शिकवण ठीक. पण ती गाय उपासानें मरत नाहीं, म्हातारी होत नाहीं, तिला रोग शिवत नाहीं. नकोशी झाली तर कळ दाबतांच तिची किंमत पदरांत पडते. ती कोणाच्या दारीं गेली, हें विचारण्याचें कारण उरत नाहीं. आणि मुख्य गोष्ट ही कीं, त्या जगांत बैलच नाहीं!

आतां तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा पाहा. यात्रेकरू यास दक्षिणकाशी म्हणतात. १९५५ च्या उत्खननांत येथें ताम्रपाषाणयुगीन वस्ती सांपडली. अशा जुन्या भूमींतील शेतकर्‍याच्या दावणीला गाय अडली तर रात्र जागून काढावी लागते. २०२२ सालीं लम्पीची सांथ आली, तेव्हां राज्यांतील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. शिवाय गोर्‍हा झाला तर काय? नांगराला ट्रॅक्टर आला, गोर्‍ह्याचें काम गेलें. १९७६ च्या कायद्यानें गाईच्या व २०१५ च्या दुरुस्तीनें बैलाच्याही कत्तलीस बंदी झाली. ती योग्य कीं अयोग्य, हा येथें वाद नाहीं. परंतु थकल्या बैलाला वैरण कोणीं घालावी, हा प्रश्न शेतकर्‍याच्याच दारांत उभा राहिला.

कोणी म्हणेल, खेळांत मरण आणि म्हातारपण कशाला? नसावेंच, मग त्यास शिक्षण तरी म्हणूं नये. ज्या प्राण्याचें उत्पन्न कधीं थांबत नाहीं, त्यावर माया करण्यांत दया कसली? तो तर हिशेब झाला. दया कसास लागते ती भाकड गाईच्या दावणीशीं.

आणि या अज्ञानाचें मोल दुसराच देतो. दूध दोन रुपयांनीं महागलें कीं कुरकुरणारा वर्ग आमचाच. पोळ्याला मातीचे बैल पूजणाराही आमचाच. मुलांनीं खेळ खुशाल खेळावा. परंतु दुधाच्या पिशवीमागें भाकड गाय, बेकार गोर्‍हा व थकलेला बैल यांचा खर्च उभा आहे, हें घरांतील वडील माणसांनीं त्यांस सांगावें, आणि पिशवीचे पैसे मोजतांना स्वतःही स्मरावें.