हृदयाची निगा आणि गावचे वाचनालय

हृदयविकार हा सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूत आपल्या चळवळीतही पुष्कळ काळ टिकून राहिली. ती आता सोडून दिली पाहिजे. रक्तदाब आणि मधुमेह झोपडपट्टीत व खेड्यापाड्यांत केव्हाच पोहोचले आहेत. फरक एवढाच, की सुखवस्तू माणसाला आपला रोग तपासणीत कळतो आणि मजुराला तो अर्धांगाचा झटका आल्यावर कळतो.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुषांची दीर्घकालीन तपासणी सुरू झाली. उच्च रक्तदाब, धूम्रपान व रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो, हे त्या अभ्यासातून दिसून आले. तेव्हापासून हे ज्ञान जगापुढे आहे आणि ते आचरणात आणणे महागही नाही. दिवसाकाठी ५ ग्रॅमांहून कमी मीठ, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. त्यात पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठही आले. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे. विडी, तंबाखू, मिश्री वर्ज्य. अधूनमधून रक्तदाब मोजणे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर उणीव उत्पादनाची नाही, वाटपाची आहे.

हे वाटप वाचनालयाने करावे, असे मला सुचवावयाचे आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली अनुदान घेणारी वाचनालये आज अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. दवाखान्यात माणूस आजारी पडल्यावर जातो. वाचनालयात तो वर्तमानपत्रासाठी रोज जातो. सवय जडण्यास ठरलेली वेळ, ओळखीची माणसे आणि लेखी नोंद लागते. या तिन्ही गोष्टी तेथे आयत्या आहेत.

आमच्या वाचनालयात आम्ही वर्गणी काढून रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणले. पहिल्याच आठवड्यात माझा वरचा आकडा १६० निघाला. हयातभर देशाचे ताळेबंद शिकविले, स्वतःच्या देहाचा मात्र कधी पाहिला नाही, याची लाज वाटली. आज सकाळची वर्तमानपत्रे वाचून झाली, की आम्ही पाच-सहा जण मिळून चालावयास जातो. एकट्याने केलेला संकल्प चार दिवसांत मोडतो. सोबती दारात उभा असला, की तो मोडता येत नाही.

काम अवघड नाही. आरोग्यावरील सोप्या मराठी पुस्तकांचे एक कपाट, एक यंत्र, आणि प्रत्येकाची नोंद त्याच्याच हाती राहील असे एक कार्ड. अमेरिकेतील काही वाचनालये तर हे यंत्र पुस्तकाप्रमाणे घरी नेऊ देतात. आपल्याकडे स्त्रिया वाचनालयात क्वचित येतात. तेव्हा वाचनालयाने त्यांच्याकडे जावे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात ग्रंथांच्या पेट्या खेड्यांत पाठविल्या जात. त्याच रीतीने पुस्तकांसोबत यंत्रही वस्तीत नेता येईल. मात्र वाचनालयाने वैद्यकी करू नये. निरनिराळ्या दिवशी मोजूनही आकडा १४०/९० वा अधिक आला, तर त्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवावे.

काही सहकारी म्हणतील, ही केवळ मलमपट्टी झाली. ज्याची मजुरी तुटपुंजी, त्याला भाजी आणि फळे खा म्हणून सांगणे ही क्रूर थट्टाच होय, हे मला मान्य आहे. मजुरीचा लढा चालूच राहील. परंतु ज्याच्या हाती स्वतःच्या रक्तदाबाचे कार्ड आहे, तोच केंद्रात गोळ्या का संपल्या, असा जाब विचारू शकतो. ज्याला आपला रोगच ठाऊक नाही, तो कशाची मागणी करणार?

आपल्यापैकी अनेक कार्यकर्ते गावोगावच्या वाचनालयांच्या कार्यकारिणीवर आहेत. पुढच्या बैठकीत हा एक विषय त्यांनी मांडावा, आणि प्रथम स्वतःचा रक्तदाब मोजून घ्यावा.