दिवा लागला कीं घड्याळ चुकतें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या कुटुंबाचा मोतीबिंदु काढला. दर दोन तासांनीं डोळ्यांत औषध घालावयाचें होतें. पण आम्ही दोघेंही साठी उलटलेलीं, वेळेचें भान राहीना. तेव्हां अकरावींत शिकणाऱ्या आमच्या नातवानें ४०६० या अंकाची आय.सी. आणून एक टायमर तयार केला. या आय.सी.च्या पोटांत ठोके देणारा एक भाग आणि ते मोजणाऱ्या चौदा पायऱ्या असतात. शेवटची पायरी जागी होण्यास ८१९२ ठोके पडावे लागतात. दोन तासांचे सेकंद ७२००. म्हणजे ठोका सेकंदाहून किंचित् लवकर पडला कीं हिशेब जुळला. औषध घातल्यावर उशाजवळचें बटण दाबावयाचें. मोजणी शून्यापासून सुरू.

दोन दिवस घंटा बिनचूक वाजली. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं सहाची घंटा वाजलीच नाहीं, आठचीही नाहीं. चौथ्या दिवशीं तोच प्रकार. डोळा लाल झालेला पाहून डॉक्टरांच्या कपाळास आठी पडली आणि घरीं येऊन आम्हीं सगळा राग नातवावर काढला. चाळीस वर्षें शाळेंत मुलांना रागावण्याची संवय, ती सहजासहजीं थोडीच सुटते! "आजोबा, मीं हातसुद्धां लावला नाहीं," एवढेंच तो म्हणाला. आम्हीं तें ऐकून घेतलें नाहीं.

रात्रीं झोंप येईना, तेव्हां ध्यानांत आलें कीं सकाळच्या घंटा कधींच चुकल्या नव्हत्या; घोटाळा दिवेलागणीनंतरचा. काकतालीय न्याय असेल, अशी शंका होती. म्हणून दुसऱ्या दिवशीं नातवास बोलावून अन्वयव्यतिरेकानें परीक्षा घेतली. त्यानें सहाव्या पायरीवर एक बारीक लाल दिवा जोडला. तो अर्धा मिनिट विझलेला व अर्धा मिनिट पेटलेला असावयाचा. तो पेटलेला असतां माजघरांतील ट्यूबलाइट दहा वेळां लावली. सात वेळां लाल दिवा अवेळीं विझला. मग स्टार्टर काढून तितक्याच वेळां कळ दाबली, एकदांही नाहीं.

कारण असें. ट्यूबलाइटच्या चोकमध्यें वीज वाहूं लागली म्हणजे त्याभोंवतीं चुंबकीय शक्ति सांठते. स्टार्टरनें ती वाट एकाएकीं तोडली कीं सांठलेली शक्ति शेंकडों व्होल्टांच्या झटक्यानें बाहेर पडते. नळी पेटते ती याच झटक्यानें. पण त्याचा अंश घरच्या तारांत आणि हवेंतही पसरतो. जुन्या रेडिओंत होणारी खरखर वाचकांस आठवत असेलच. ती दबावी म्हणून स्टार्टरमध्यें एक लहानसा कपॅसिटर असतो. आमच्या स्टार्टरमधला केव्हांच निकामी झालेला.

आतां टायमरकडचा दोष. उशाजवळील बटणाची सहा फूट तार म्हणजे आयती एरियलच. ती आय.सी.च्या ज्या पायास पोंचत होती, त्यास आवर घालणारा रेझिस्टर दहा लक्ष ओहमचा, म्हणजे फारच ढिला. अशा पायास क्षुल्लक झटकाही बटण दाबल्यासारखा भासतो. साडेपांचला दिवा लागला कीं मोजणी शून्यावर, सातला पुन्हां लावला कीं पुन्हां शून्यावर. घंटा वाजणार कशी?

नातवानें रेझिस्टर दहा हजार ओहमचा केला, त्या पायाशीं ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तितकाच दुसरा आय.सी.च्या वीज घेणाऱ्या पायांशीं अगदीं लगत बसविला आणि तार वीतभर ठेविली. स्टार्टर आम्हीं नवा आणला. ट्यूब काढून एल.ई.डी. दिवा लावावा असें शेजाऱ्यांनीं सुचविलें. परंतु स्वस्त एल.ई.डी. दिव्यांत वीज सेकंदास हजारों वेळां तोडली-जोडली जाते आणि गाळणी पुष्कळदां घातलेलीच नसते, हें ऐकून आम्हीं तो बेत सोडला.

त्यानंतर घंटा चुकली नाहीं आणि डोळाही निवळला. नातवाजवळ आम्हीं चूक कबूल केली, पण शब्द नीट जुळेनात. त्यानें तें ऐकलें न ऐकलेंसें केलें आणि विचारलें, "आजोबा, तुमच्या रेडिओची खरखर काढूं या का?" रेडिओ सध्यां उघडा पडला आहे, हकीकत पुढील अंकीं.